कंबरेचा ठराव

बैठक आईविषयी होती, आणि खुर्च्या मांडण्यापासून चहापर्यंत सगळं आईच करत होती.

रविवारचे दहा वाजले होते. मी अकोल्याहून सकाळच्या एसटीनं अमरावतीला आले होते. दादा, म्हणजे सौमित्र, पेपर वाचण्याचं नाटक करत होता. त्याचा मुलगा गौरांग पुण्याहून खास या बैठकीसाठी आला होता आणि सोफ्यावर मोबाइल घेऊन लवंडला होता. निधी वहिनी आईच्या हातून चहाचा ट्रे काढून घ्यायला बघत होती आणि आई तो सोडत नव्हती. बाबांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि घसा साफ केला. एकोणऐंशीव्या वर्षीही बाबांचा घसा फक्त बैठकीतच साफ होतो.

या वह्या आजोबांनी सुरू केल्या. आजोबा वकील, बाबा, म्हणजे मोरोपंत, वकील, दादा वकील. त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही मोठी गोष्ट चर्चा, मतदान आणि वहीतली नोंद यांशिवाय होत नाही. माझं लग्न हा ठराव क्रमांक सत्तर आहे. जुनी स्कूटर विकणे हा एकाहत्तर. आजोबांचा एक नियम आहे आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही: ज्याचा विषय, त्याला मत नाही. हितसंबंध गुंतलेल्या माणसानं निवाडा करू नये, असं आजोबा म्हणायचे. म्हणून माझ्या लग्नाच्या वेळी मला मत नव्हतं. नवरा बरा निघाला, पण त्यात वहीचं काही कर्तृत्व नाही.

"ठराव क्रमांक एकशे बारा," बाबांनी वाचलं. "विषय, शैलाची कंबर."

आई खुर्चीच्या कडेवर एका अंगानं बसली. कंबरेला पट्टा होताच.

या कंबरेचं श्रेय माझं आहे, ते दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही. दोन वर्षांपूर्वी आई मला फोनवर म्हणाली होती, "स्वराली, मले खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटून राहिलं. बसलं का टोचते, चाललं का ओढते." मी अकोल्याच्या शाळेत बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा मी साठ पोरांसमोर फळ्यावर आकृती काढून, नावं देऊन शिकवते आणि जो फिदीफिदी हसेल त्याला वर्गाबाहेर उभं करते. तीच मी आईला म्हणाले, "कंबर असेल का गं?" पलीकडून आई म्हणाली, "असंल."

मी दादाला कंबर सांगितली, दादानं बाबांना कंबर सांगितली आणि बाबांनी अकोल्यातला हाडांचा डॉक्टर शोधून काढला. त्या भल्या माणसाचा यात काही दोष नाही. आम्ही कंबर दाखवली, त्यानं कंबर तपासली. आईनं पट्टा बांधला, शेक घेतला, वजनं लावून ओढून घेतलं, सतरंजीवर झोपून पाय वर-खाली केले. दोन वर्षांत तिची कंबर चाळिशीतल्या बाईसारखी झाली. दुखणं तिथे नव्हतंच.

आईला शिंक आली की ती एक हात नाकाशी न्यायची आणि दुसरा पदराखाली, ओटीपोटाच्याही खाली, घट्ट दाबून धरायची. तेवढा वेळ आम्ही सगळे पंख्याकडे बघायचो. घरातली चार-पाच माणसं एकाच वेळी पंख्याकडे बघतात, यात आम्हाला काही चमत्कारिक वाटलं नाही.

वाटलं ते वहिनीला. ती अकोल्याची, तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्यांच्या घरी शरीराच्या सगळ्या भागांना नावं आहेत. श्रावणात एका सकाळी तिनं पोळ्या भाजता भाजता सरळ विचारलं, "आई, तुमचं अंग बाहेर येतं का?" आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. नऊ वर्षं झाली होती. ती रोज सकाळी न्हाणीत स्वतःच्या हातानं ते आत ढकलायची, सुती कापडाची घडी लावून बांधायची आणि मग आम्हाला चहा द्यायची.

वहिनीनं कुणाला न विचारता तिला अकोल्याला डॉ. मैना तायडे यांच्याकडे नेलं. गर्भाची पिशवी पूर्ण खाली आली होती आणि तिच्यासोबत लघवीची पिशवीही. पिशवी वर धरून ठेवायला आधी आत रिंग बसवून पाहिली. ती दोनदा निघून आली. मग डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन. तपासण्या झाल्या, पुढच्या शुक्रवारची तारीख मिळाली आणि तिथे गाडी अडली, कारण आमच्याकडे ठरावाशिवाय काही होत नाही.

खरा विषय आता सगळ्यांना माहीत होता. तरी वहीत कंबरच आली. बाबांचं म्हणणं, या वह्या पुढच्या पिढ्या वाचणार.

"मी थोडक्यात सांगतो," बाबा म्हणाले. "माझी थोरली बहीण बनू याच ऑपरेशनमध्ये गेली. नागपूरला, एक्क्याण्णव साली. साठ वर्षांची होती. शैला बहात्तरची आहे. मला आणखी काही बोलायचं नाही." आणि मग ते पंधरा मिनिटं बोलले.

बनूआत्या ऑपरेशनमध्ये गेली हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मला तिचं पांढरं लुगडं आठवतं आणि ती कधीच पाटावर बसायची नाही, हेही आठवतं.

"बाबा, त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली," मी म्हणाले. "आता भूल वेगळी, औषधं वेगळी. माझं मत ऑपरेशन करावं असं आहे."

हे मी फार ठामपणे बोलले. माझा ठामपणा पुढची पाच मिनिटं टिकला.

"आत्या, एक मिनिट," गौरांग उठून बसला. "हे बघ. यात आतून जाळी बसवतात. बाहेरच्या देशांत हजारो बायकांना त्रास झालाय तिचा. केसेस झाल्यात कंपन्यांवर."

'केस' शब्द कानावर पडताच दादाचा पेपर खाली आला. "दाखव."

दोघं बाप-लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मीही वाचलं. वाचून मी बाबांच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. पाणी तिकडे होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

वहिनी म्हणाली, "मोबाइलले काय विचारता? डॉक्टरबाईंलेच विचारा नं." आणि कुणी हो म्हणायच्या आत तिनं फोन लावून टीपॉयवर ठेवला.

"नमस्कार काका," डॉ. तायडेंचा आवाज आला. "जाळीचं विचारताय? जाळी मी वापरणारच नाही, काकूंना तिची गरज नाही. पोटही कापायचं नाही. पाठीत सुई देऊन खालचा भाग बधिर करू, खालूनच पिशवी काढू आणि जे सैल पडलंय ते टाके घालून वर बांधून घेऊ."

'पिशवी' म्हणताच बाबांनी फोनचा आवाज कमी केला. शेजारच्या देशमुखांची खिडकी उघडी होती.

"पण वय, डॉक्टर? बहात्तर?"

"वय मी बघते, काका. पण नुसतं वय बघून नाही म्हणत नाही. त्यांचं बीपी गोळीवर ताब्यात आहे. हृदयाचा रिपोर्ट चांगला आहे. साखर काठावर आहे, तिच्याकडे लक्ष ठेवू. आणि बाई दोन जिने न थांबता चढते."

"हमी देता का तुम्ही?"

"नाही देत. कोणालाच नाही. रक्त जास्त जाऊ शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. लघवीची नळी दोन दिवसांऐवजी आठवडाभर ठेवावी लागू शकते. पायात गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना चालवणार मी. काही जणींचं काही वर्षांनी परत थोडं खाली उतरतं. आणि क्वचित जिवावरही बेतू शकतं. हे सगळं काकूंना मी समोर बसवून सांगितलं आहे."

बाबांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू साक्षीदारानं त्यांना हवं तेच कबूल केलं होतं.

"आणि नाही केलं तर?" वहिनीनं विचारलं.

"त्यांची लघवी पूर्ण होत नाही, साचून राहते. कापडाला घासून जखमा होऊन राहिल्या. हे असंच राहिलं तर किडनीवरसुद्धा येऊ शकतं. न करण्यातही जोखीम असते, काका. फक्त तिच्यासाठी कोणी सही घेत नाही."

बाबांनी आभार मानले आणि फोन ठेवला. आई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती. तिला मत नव्हतं, तेव्हा तिनं बसून काय करायचं?

मतदान हात वर करून होतं. ऑपरेशनच्या बाजूनं वहिनीचा हात वर गेला. जाळी नाही म्हटल्यावर गौरांगचं मन फिरलं होतं, त्याचाही गेला. "तूर्त तहकूब, दिवाळीनंतर विचार" याला बाबांचा हात आणि दादाचा.

दादाचा हात अर्धाच वर होता. पुढे अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर त्यानं मला सांगितलं, की त्याला आईच्या जिवापेक्षा त्या फॉर्मवरच्या सहीची भीती वाटत होती. "काही झालं असतं तं कागदावर नाव माहं राहिलं असतं वं. वीस वर्षं लोकायले सांगून राहिलो, वाचल्याशिवाय सही करू नका. आन् हे तं वाचूनच करायचं होतं." मी त्याला हसले नाही. मला हसायचा हक्क नव्हता.

कारण दोन-दोन झाले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. किडनी कुठे असते, लघवी साचली की काय होतं, हे मला त्या खोलीत सगळ्यात जास्त कळत होतं. मी आईकडे पाहिलं. ती पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती आणि तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. आई गेली तर आपल्या हातानं जायला नको, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी तहकुबीला हात वर केला.

"तीन विरुद्ध दोन," बाबा लिहू लागले. "ठराव तूर्त..."

"थांबा," आई म्हणाली.

बैठकीत आई कधी बोलत नसे. बाबांचं पेन थांबलं. आईनं बशा टीपॉयवर ठेवल्या.

"निधी, कपाटातली खालची हिरवी वही आण. एक्क्याण्णवची."

वहिनीनं वही आणली, धूळ झटकली. आईनं पान सांगितलं नाही, पण कोपरा दुमडलेला होता. वहिनी वाचू लागली.

"ठराव क्रमांक अठ्ठावन्न. विषय, बनूची कंबर." ती थबकली. मग पुढे वाचलं. "नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचविले आहे. वय व विषयाचे स्वरूप लक्षात घेता ऑपरेशन तूर्त तहकूब. दिवाळीनंतर विचार व्हावा. सूचक, मोरोपंत. एकमताने मंजूर."

कुणाची नजर चुकवायला मी पंख्याकडे पाहिलं. सगळेच तिकडे बघत होते.

"वन्संचं ऑपरेशन झालंच नाही," आई म्हणाली. "दिवाळी बी झाली नाही. त्याच्या अगोदर त्यांची लघवी बंद पडली, सारं अंग सुजलं. नागपूरले नेलं तं डॉक्टर म्हणे, लय उशीर केला बाप्पा. तिसऱ्या दिवशी गेल्या. मी होती जवळ. तुमी व्हरांड्यात होता."

"शैला..."

"लोकं विचारे, बनूताई कशानं गेल्या? तं तुमी सांगतलं, ऑपरेशनमधी. ऑपरेशन म्हटलं का कोनी पुढचं विचारत नाही. तवा मी सून होती, चूप राहिली. आन् मंग मलेच जवा झालं, तवा मले बी तेच सुचलं. पोरगी म्हणे कंबर, मी म्हटलं असंल."

बाबा नंतर अकोल्याला जाताना गाडीत मला म्हणाले, की ते त्या सकाळी खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते ऑपरेशन खरंच दिसायचं, टेबल, हिरवं कापड, सगळं. "आयुष्यभर दुसऱ्यांचे पढवलेले साक्षीदार पकडले," ते म्हणाले. "मी स्वतःला पढवलं होतं, ते समजलं नाही. वहीत माझं अक्षर पाहिलं तेव्हा वाटलं, हा कोण मूर्ख आहे? याला कोणी वकील केलं?"

पण त्या क्षणी हॉलमध्ये ते फक्त वहीकडे बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त मला माझी लाज वाटली.

"मले भीती नाही वाटत असं नाही," आई आता खुर्चीवर बसली, तशीच एका अंगानं. "लय वाटते. डॉक्टरबाईनं सारं सांगतलं, मरायचं बी सांगतलं. पन मले मोर्शीले बहिणीकडं जायचं आहे. दोन वर्षं झाली, एसटीत बसवत नाही म्हणून गेली नाही. तिच्याकडं खाली मांडी घालून जेवायचं आहे. मले एकदा मोकळं शिंकायचं आहे. तुमाले हे छोटं वाटंल."

"नाही वाटत," गौरांग म्हणाला. पुण्यात तीन वर्षांत कमावलेली त्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "आजी, तू जाय. मी येतो तुह्यासंगं."

"नियमाप्रमाणे," बाबा खाली बघत म्हणाले, "ज्याचा विषय त्याला मत..."

"आबा!" गौरांग ओरडला.

"काहून ओरडतो? ऐकून तर घे!" बाबाही ओरडले. मग आवाज खाली आला. "तो नियम रद्द करायचा तर त्यालाही ठराव लागतो. सूचक मी. अनुमोदक?"

आमचे चौघांचे हात एकदम वर गेले. माझा सगळ्यात आधी, हे नोंदवून ठेवते. आधीच्या हाताची थोडी तरी भरपाई व्हावी.

"आता मत सांग," बाबा म्हणाले.

"शुक्रवारी," आई म्हणाली. "आन् वहीतला शब्द बी बदला."

बाबांनी 'कंबर' खोडली. पेन कागदावर टेकवून बसले. कोर्टात समोरच्याची बोलती बंद करणारा माणूस वहिनीकडे वळून अगदी हळू म्हणाला, "सूनबाई, काय लिहू?"

वहिनीनं सांगितलं. बाबांनी एकेक अक्षर काढलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. त्यांनी देशमुखांच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि वाचलं, "शैलाचे अंग नऊ वर्षांपासून बाहेर येते. ऑपरेशन शुक्रवारी. निर्णय शैलाचा."

आईनं पट्ट्याची पट्टी ओढली. चर्र असा आवाज झाला. दोन वर्षांचा तो पट्टा तिनं घडी करून बाबांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. तुमी दिवसभर बसून राहता, तुमाले कामी येईल. आन् पोहे खा आता, थंडे झाले."

ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि तो उतरेपर्यंत दादानं डॉ. तायडेंना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी त्याला बाहेरच्या बाकड्यावरून उठायचं नाही असं बजावलं. लघवीची नळी दोन दिवसांऐवजी सहा दिवस राहिली. डॉक्टरांनी सही आईचीच घेतली. आई ती फार सावकाश, पूर्ण नाव लिहून करत होती, आणि बाबा शेजारी पेनाचं टोपण धरून उभे होते.

दोन महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी, मी पुन्हा अमरावतीला गेले. गौरांगही पुण्याहून आला होता. मोर्शीहून मावशीनं संत्र्यांची पेटी पाठवली होती. डॉक्टरांनी जड उचलायला अजून मनाई केली होती, म्हणून आई खुर्चीवर सरळ, पूर्ण टेकून बसून संत्री सोलत होती. आत वहिनी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजत होती. मिरच्यांचा ठसका बाहेरपर्यंत आला, आणि आईला शिंक आली. चांगली दणदणीत, लागोपाठ तीन.

बाबा, दादा, गौरांग आणि मी, चौघांनी पंख्याकडे पाहिलं.

"आता काय पाहता वर?" आई म्हणाली. "इकडं पाहा नं."

आम्ही खाली पाहिलं. तिच्या एका हातात संत्रं होतं आणि दुसऱ्या हातात साल.